वादी रमला चढाईला जायचंय? आधी पासपोर्टवर ईसीआर आहे का ते बघा

जॉर्डनच्या वाळवंटातल्या वादी रममध्ये, बर्रा कॅन्यन या खोल घळीच्या कातळांवर चढायचा बेत सोलापुरातली पोरं हौसेनं आखतात. तो अडतो मात्र घरच्या कागदांवर. जॉर्डनचा व्हिसा भारतीय पर्यटकांना विमानतळावर उतरल्यावर मिळतो, एकेरी प्रवेशाचे ४० दिनार. पासपोर्टची किमान सहा महिने मुदत शिल्लक हवी आणि परतीचं तिकीट जवळ हवं. त्या बाजूचं काम एवढंच.

खरा घोळ ईसीआरचा. पासपोर्ट काढताना दहावीचं प्रमाणपत्र जोडलं नाही, तर त्यावर 'एमिग्रेशन चेक रिक्वायर्ड' (ईसीआर, म्हणजे परदेशी जाण्याआधी तपासणी आवश्यक) असा शेरा येतो, आणि हा शेरा ज्या देशांसाठी बघितला जातो त्यांत जॉर्डन आहे. नियम नोकरीसाठी जाणाऱ्यांचा; पर्यटकाला ही तपासणीची मंजुरी (क्लिअरन्स) लागत नाही. पण विशीतला पोरगा, भलीमोठी सॅक आणि जॉर्डनची राजधानी अम्मानचं तिकीट बघून इमिग्रेशन काउंटरवरच्या साहेबाला हा कामालाच चाललाय असं वाटलं, की प्रश्नांची सरबत्ती सुरू. दहावी पास असूनही हा शेरा घेऊन फिरणारे कितीतरी आहेत. तो काढायला पासपोर्ट नव्यानेच काढून (री-इश्यू) घ्यावा लागतो: ३६ पानी, १५०० रुपये, तत्काळ हवा तर आणखी २०००. दहावी झाली नसेल, पण आयकर भरत असाल किंवा पन्नाशी उलटली असेल, तरी शेरा निघतो.

मग नावाचा फरक. सोलापूरच्या पूर्व भागातल्या तेलुगू घरांत हा हमखास सापडतो. आधारवर आडनाव शेवटी, शाळेच्या दाखल्यावर सुरुवातीला, त्यात स्पेलिंगमध्ये एक 'एच' जास्त. दोन्ही कागद तुमचेच आहेत हे तुम्हाला ठाऊक, खिडकीपलीकडच्या माणसाला नाही, आणि ठाऊक करून घ्यायची त्याला घाईही नसते. आधी दहावीच्या प्रमाणपत्राप्रमाणे आधार दुरुस्त करा, मगच पासपोर्टची अपॉइंटमेंट घ्या.

पासपोर्टच्या अर्जात पत्ताही खरा लिहा. राहता पुण्याच्या हॉस्टेलवर आणि पत्ता दिलात सोलापूरचा, तर पडताळणीला आलेला पोलीस 'इथे राहत नाही' असा रिपोर्ट देऊन मोकळा होतो. त्यात त्याची चूक नाही.

आता जॉर्डन पास. किमान ७० दिनारांच्या या पासात व्हिसाची फी माफ होते, शिवाय पेट्रा ही प्राचीन नगरी आणि वादी रमचा प्रवेश मिळतो. अट अशी की पास देशात शिरण्याआधी घेतलेला हवा आणि मुक्काम किमान तीन रात्रींचा हवा. लोक दिवस मोजतात. शुक्रवारी पहाटे उतरलात आणि रविवारी रात्री निघालात, तर दिवस तीन, रात्री दोनच. मग तिथून परत निघताना व्हिसाचे ४० दिनार भरा. पासची मुदत खरेदीपासून वर्षभर, पण पहिल्या ठिकाणी स्कॅन झाला की दोनच आठवडे. आधी पेट्रा बघून मग निवांत चढाई करू म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

विम्याचा कागद कुणी वाचत नाही. साध्या ट्रॅव्हल पॉलिसीत कातळचढाई बहुधा वगळलेली असते. ती समाविष्ट असल्याचं लेखी घ्या. बर्रा कॅन्यनला रम गावातून वाळूतून जीपनेच जावं लागतं, बऱ्याच भागात मोबाइलला रेंज नाही आणि कड्यावरून उतरायचं ते रॅपल करत, म्हणजे दोराच्या आधाराने. कुठला कडा, किती जण, परत कधी, हे जीपवाल्या बेदूला (तिथल्या वाळवंटी जमातीच्या माणसाला) लिहून द्या. तिथला कातळ वालुकाश्माचा, भिजला की ठिसूळ होतो, त्यामुळे पावसानंतर तो पूर्ण वाळेपर्यंतचे एक-दोन दिवस मुक्कामात आधीच धरा. सोलापूरचा उन्हाळा काढलाय म्हणून वाळवंटाचं काय, असं म्हणणारेच तिथं रात्री थंडीनं कुडकुडतात.

कॅराबिनर, कॅम, हार्नेस हे चढाईचं साहित्य चेक-इन सामानात. स्टोव्हचा गॅस विमानात कुठेच चालत नाही. ड्रोन घरीच ठेवा; परवानगी नसेल तर तिथल्या विमानतळावरच काढून घेतात.