मराठ्यांचा इतिहास व परकीय भाषांचे अध्ययन

मराठ्यांच्या इतिहासाची मूळ साधने अनेक भाषांत विखुरलेली आहेत. मोडी दप्तरे, बखरी आणि शकावल्या (घटनांच्या सनवार नोंदी) मराठीत, मोगल दरबाराचे कागद फारसीत, गोव्याचे पोर्तुगीजमध्ये, वेंगुर्ल्याच्या वखारीचे डचमध्ये, पाँडिचेरीचे फ्रेंचमध्ये, सुरत-राजापूरचे इंग्रजीत. म्हणून या क्षेत्रात निदान एका परकीय भाषेचे ज्ञान ही अभ्यासाची पहिली अट मानावी लागते. खुद्द मराठी राज्यकर्त्यांनाही ही गरज होती. फारसी पत्रव्यवहारासाठी पारसनीस हा स्वतंत्र अधिकारी नेमलेला असे.

फारसीचे महत्त्व सर्वांत मोठे. पुरंदरच्या मोहिमेत (१६६५) मिर्झाराजे जयसिंगांनी औरंगजेबाला काय कळवले, हे त्यांचा मुनशी उदयराज याच्या ‘हफ्त अंजुमन’ या पत्रसंग्रहातून कळते. अशा ग्रंथांचे इंग्रजी अनुवाद पुष्कळदा निवडक उताऱ्यांचे असतात, त्यामुळे त्यांवर विसंबणे धोक्याचे. शिवाय हस्तलिखित वाचणे हेच मोठे काम असते. फारसीत ऱ्हस्व स्वर लिहीत नाहीत आणि घाईच्या शिकस्ता वळणात नुक्तेही (अक्षरांवरचे-खालचे टिंब) गळतात. नुक्ते गेले की शब्दाच्या मध्ये आलेली बे, ते, नून ही अक्षरे सारखीच दिसतात आणि एखाद्या खिंडीचे किंवा गढीचे नाव चार प्रकारे वाचता येते. त्यांतले खरे कोणते, हे सह्याद्रीची गावे-घाट ठाऊक असलेलाच ठरवू शकतो. मराठी अभ्यासकाने स्वतः फारसी शिकण्याचे मोल इथे दिसते. पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात (स्थापना १९१०) ग. ह. खरे यांनी ‘ऐतिहासिक फारसी साहित्य’चे खंड सिद्ध केले. हैदराबाद संस्थानात नोकरी केलेले सेतुमाधवराव पगडी (१९१०–१९९४) यांनी मोगलांच्या सेवेतील भीमसेन सक्सेनाच्या आठवणी आणि मोगल दरबारची बातमीपत्रे मराठीत आणली. सामान्य वाचकाला मोगलांची बाजू मराठीतून वाचता येते, ती अशा परिश्रमांमुळे.

पोर्तुगीजच्या बाबतीत पांडुरंग पिसुर्लेकर (१८९४–१९६९) यांचे काम पायाभूत आहे. पणजीच्या ऐतिहासिक दप्तरखान्यात त्यांनी दीर्घकाळ काम केले. पोर्तुगीजांच्या वतीने बोलणी करणाऱ्या हिंदू, मुसलमान, ज्यू व पारशी वकिलांवरचा त्यांचा पोर्तुगीज ग्रंथ १९५२ मध्ये निघाला. ‘पोर्तुगेज-मराठे संबंध’ त्यांनी मराठीत लिहिला. कोस्मे द गार्दाचे शिवचरित्रही मुळात पोर्तुगीजच. ते १७३० मध्ये लिस्बनला छापले गेले.

भाषेबरोबर तिची कालगणनाही शिकावी लागते. शिवराज्याभिषेक शके १५९६, ज्येष्ठ शुद्ध १३ रोजी झाला. इंग्रजी कागदांनुसार ती तारीख ६ जून १६७४ येते, कारण इंग्रज १७५२ पर्यंत जुने ज्युलियन पंचांग पाळत होते आणि ते त्या काळी ग्रेगोरियनच्या दहा दिवस मागे होते. पोर्तुगालने १५८२ मध्येच ग्रेगोरियन पंचांग स्वीकारल्याने त्यांच्या हिशेबाने तोच दिवस १६ जून ठरतो. हे न जाणता दोन्हीकडची पत्रे शेजारी ठेवली, तर उत्तर आधी आणि प्रश्न नंतर असा घोळ होतो.

डचकडे मात्र मराठी अभ्यासक फार थोडे वळले. डच ईस्ट इंडिया कंपनीचे प्रचंड दप्तर हेग येथील राष्ट्रीय अभिलेखागारात जतन केलेले आहे. सतराव्या शतकातील डच हस्ताक्षर वाचू शकणारे आणि कोकणही ओळखणारे संशोधक त्यासाठी तयार व्हायला हवेत.