उशिरा फुलणारी आयव्ही

सप्टेंबर लागला की इंग्लंडमधल्या डॉर्सेटच्या खेड्यांतली माणसं डबे घेऊन ब्लॅकबेरी तोडायला निघतात. शेताच्या कडेची पायवाट, काटेरी जाळ्या, ओरखडे आणि जांभळी बोटं. ज्यानं करवंदं तोडली आहेत त्याला वेगळं काही सांगायला नको. घोसाच्या टोकाचं फळ आधी पिकतं आणि सर्वांत गोडही तेच. जुनी माणसं बजावतात, की २९ सप्टेंबरच्या मायकेलमस सणानंतर ब्लॅकबेरी खाऊ नये, सैतान त्यांवर थुंकतो. हा सैतान बहुधा बुरशीच असावा. गार, दमट हवेत फळं लिबलिबीत होऊन लगेच बुरसतात.

एव्हाना माळभिंगऱ्या तारांवर जमून दक्षिण आफ्रिकेकडे निघू लागलेल्या असतात. बागेचा मोसम संपला, असंच सगळे धरून चालतात. पण एखाद्या उन्हाच्या दुपारी चर्चच्या जुन्या भिंतीपाशी उभं राहिलं, तर भिंतच गुणगुणतेय असं वाटतं. तिथे आयव्ही फुललेली असते.

ही वेल मोठी लबाड. सावलीत चढणाऱ्या तिच्या फांद्यांची पानं पंजासारखी कातरलेली असतात. वर ऊन मिळालं की फांद्या चढणं सोडतात, पानं साधी, बिनकातऱ्याची होतात आणि तिथेच हिरवट-पिवळ्या फुलांचे गेंद लागतात. न सांगता कुणी या दोन फांद्या एकाच वेलीच्या मानणार नाही. तिला बांडगूळ समजून शिव्या घालणारे पुष्कळ आहेत, पण खोडावरची तिची मुळं फक्त धरून ठेवण्यापुरती असतात. अन्नपाणी ती स्वतःच मिळवते. तरीही ऐन सप्टेंबरात बाग ‘आवरायची’ म्हणून तिच्यावर कात्री चालते, ते मला अजिबात पटत नाही.

कारण त्या वेळी मधमाश्यांना दुसरं फारसं काही उरलेलं नसतं. ससेक्समधल्या एका अभ्यासात शरदात पोळ्यांत आलेल्या परागगोळ्यांपैकी सुमारे ८९ टक्के आयव्हीच्या निघाल्या. मधपाळ मात्र या मधावर खूश नसतात. त्यात ग्लुकोज इतकं असतं, की तो पोळ्यातच दगडासारखा घट्ट होतो.

आयव्हीवरच आपलं सगळं वेळापत्रक बेतणारी एक वेगळी मधमाशीही आहे. केशरी केसांची, पोटावर पट्टे असलेली ही आयव्हीमाशी स्वतंत्र जात आहे, हे शास्त्रज्ञांनी १९९३ मध्ये नोंदवलं. ब्रिटनच्या मुख्य भूमीवर ती पहिल्यांदा दिसली २००१ मध्ये, याच डॉर्सेटमध्ये. त्यानंतर ती उत्तरेकडे पसरत स्कॉटलंडपर्यंत पोहोचली. तिच्यात राणी नाही, कामकरी नाहीत. प्रत्येक मादी भुसभुशीत मातीत आपलं बीळ आपणच खणते, पण शेजार इतका दाट, की उन्हात तापलेल्या एका उतारावर हजारो बिळं सापडतात. नर आधी बाहेर पडून माद्यांची वाट बघत जमिनीलगत घिरट्या घालतात. ते दृश्य पाहून घाबरू नये, नरांना नांगी नसतेच.

याच दिवसांत कुंपणावर रॉबिन गाऊ लागतो. गाणारा नरच असेल असं नाही. थंडीत मादीही आपली वेगळी हद्द राखते आणि त्यासाठी गाते. आपला दयाळ याच कुळातला. रात्री पाचोळ्यात खुडबुडणारा हेजहॉग दिसायला साळिंदराचा धाकटा भाऊ वाटतो, पण नात्यानं तो चिचुंद्रीच्या जवळचा. थंडीत झोपण्याआधी तो किडे, गोगलगायी खाऊन अंगावर चरबी चढवत असतो.

नोव्हेंबरात आयव्हीची फुलं ओसरतात आणि आयव्हीमाश्याही संपतात. त्याआधी मादीनं बिळातल्या प्रत्येक कोठीला सेलोफेनसारखं पातळ, पाणी न शिरू देणारं अस्तर लावलेलं असतं. पराग-मधाचा शिधा भरून तिनं आत एकेक अंडं ठेवलेलं असतं. वर भिंतीवर आयव्हीची फळं काळी होतात, ऐन थंडीत कस्तुर आणि कबुतरं ती फस्त करतात. खाली मातीतली पिल्लं पुढच्या सप्टेंबरपर्यंत वर येत नाहीत.