सहा सारख्या खुर्च्या: बडोद्यातल्या एका जुन्या वादाची पार्श्वभूमी

जेवणाच्या टेबलाच्या सहा सारख्या खुर्च्या हाताने कराव्यात की मशीनवर, हा बडोद्यातल्या सुतारकामातला जुना वाद. इथल्या दांडिया बाजारातल्या वाड्यांत पूर्वी पाट मांडून पंगत बसायची. जेवणाची टेबल-खुर्ची राजवाड्यात आणि बड्या अधिकाऱ्यांच्या बंगल्यांत. 1890 मध्ये संस्थानाने काढलेल्या हुन्नरशाळेत नकाशा (कामाचं रेखाटन) आणि यंत्रकाम शिकवलं जाऊ लागलं. बडोद्याजवळच्या संखेड्याचे खराडी (लाकूड कातणारे कारागीर) लाखेच्या रंगाचं सागवानी सामान करायचे, पण त्यांचं काम लेथवरचं, गोल. चौकोनी पायाच्या खुर्चीचं दुखणं वेगळं.

ते दुखणं म्हणजे तिरका जोड. बैठक पुढे रुंद, मागे अरुंद, म्हणून बाजूची पट्टी मागच्या पायाला काटकोनात भिडत नाही. हातकामात पायाला सरळ खाच आणि पट्टीला तिरकं कुसू, म्हणजे खाचेत बसणारी जीभ. कुसू फार तिरकं झालं की लाकडाचे रेषे मधेच तुटतात आणि ते मुळाशी मोडतं. जेवण झाल्यावर मागे रेलून पुढचे पाय उचलणारा पाहुणा नेमका तिथेच भार देतो.

पूर्वी जोडाला सरस (जनावरांच्या हाडा-कातड्याचा गोंद) लागायचा, तोही गरम. पावसाळ्यात दमट हवेने तो सुटायचा. 1959 मध्ये फेविकॉल आला आणि सरसाची हंडी चुलीवरून उतरली. ड्रिल मशीनही हाताशी आलं. मग कुसू कोरायचं कशाला? दोन भोकं, दोन डॉवेल (गोल लाकडी खुंट्या), संपलं. काम झटपट व्हायचं, पण गोल डॉवेलला गोंद धरायला जागा कमी. अशा खुर्च्या काही वर्षांत डुलू लागतात, हे दुरुस्तीवाल्यांना चांगलं ठाऊक आहे.

तिसरी वाट राउटरची, म्हणजे फिरत्या पात्याने खाच कोरणाऱ्या मशीनची: पायात खाच, पट्टीतही खाच, मधे सुटं कुसू. तिरकेपणा फक्त पट्टीच्या टोकाच्या कापात राहतो, कुसवाचे रेषे सरळ राहतात. जुने मिस्त्री याला चोरकाम म्हणतात. जोड बघितला तर तसं म्हणायला काही आधार नाही.

सारखेपणाचा प्रश्न मात्र मशीनने सुटलेला नाही, तो फर्म्याने, म्हणजे आखणीच्या साच्याने, आधीच सोडवला होता. पुऱ्या मापाच्या नकाशावरून एकच फर्मा, त्यावरून बाराही मागचे पाय एकदम आखायचे. रुंद फळीत एकात एक बसवले की सागवान वाचतं. एक खुर्ची पुरी करून दुसरी धरली, तर सहावी सूत-दीड सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) वेगळी निघते, मग हातात रंधा असो की समोर बँड सॉ (पट्ट्याची मशीन-करवत). आता फर्मा एमडीएफचा (दाबलेल्या लाकडी भुशाच्या फळीचा) असतो आणि राउटर त्याच्या कडेने फिरतो. पाठीच्या पट्ट्या एकाच फळीतून काढायचं मात्र गिऱ्हाईकानेच बजावावं लागतं, नाहीतर पॉलिश चढल्यावर सहा रंग दिसतात.