ग्रुपवर जाहिरात नको, हा नियम आला कुठनं?

कोल्हापुरातल्या कुठल्याबी व्हॉट्सॲप ग्रुपचं डिस्क्रिप्शन उघडून बघा, पेठेचा असूदे, अपार्टमेंटचा असूदे, दहावीच्या बॅचचा असूदे नायतर रंकाळ्यावर पहाटे फिरणाऱ्यांचा, पहिल्या दोनतीन ओळीत "कृपया वैयक्तिक जाहिराती टाकू नयेत" हे असतंयच. आणि त्याच ग्रुपवर दुपारी बाराला कोणतरी साड्यांच्या सेलचे आठ फोटो सोडतंय, ॲडमिन हात जोडल्याला इमोजी टाकतोय, समोरनं "सॉरी, चुकून आलं" येतंय आणि पुढच्या आठवड्यात परत तेच. आता हे गाव जाहिरातीला लाजणारं म्हणावं तर तसंबी न्हाई. वाढदिवसाचा फ्लेक्स, खाली शुभेच्छुकांच्या चेहऱ्यांची रांग, त्यात गॉगल घातलेला एक पुतण्या, हे आपल्याकडं चौकाचौकात आहे आणि त्याचं कुणाला काय वाटत न्हाई. मग तोच माणूस ग्रुपवर दुसऱ्याची जाहिरात आली की का तडकतो? ह्याच्या मागं बराच इतिहास आहे, थोडा आपल्या गावातला, थोडा अमेरिकेतला, आणि दोन्ही एकत्र बघितल्याशिवाय उलगडा होत न्हाई.

आधी गावातला. इथं प्रसिद्धी ही कलाच होती, शंभर वर्षांपासनं. नाटकांचे पडदे रंगवणारे बाबूराव पेंटर सिनेमात उतरले, महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली, १९२० साली 'सैरंध्री' आणला, आणि सिनेमा काढून गप्प बसले न्हाईत, त्याची पोस्टरं पण स्वतः रंगवली. १९२४ च्या 'कल्याण खजिना'चं पोस्टर हे भारतातलं सगळ्यात जुनं शिल्लक राहिलेलं सिनेमा पोस्टर मानतात. म्हणजे देशात पोस्टरबाजी कुणी शिकवली ह्यावर वाद घालायचा तर कोल्हापूर पहिल्या रांगेत बसणार. पुढं हातानं रंगवलेले बॅनर आले, मग फ्लेक्सची मशीनं आली आणि पेंटर लोकांची कामं गेली, ते वेगळं दुखणं. पण ह्या सगळ्याची जागा ठरलेली होती, चौक, भिंत, थेटराचं तोंड. बघायचं तर बघा, नायतर मान वळवून पुढं जावा.

गप्पांची जागा निराळी. तालमीच्या पायऱ्या, गंगावेशीतला दूध कट्टा, चहाच्या गाड्याभोवतीची बाकडी. तिथं येऊन कोण आपल्याच दुकानाचं गुऱ्हाळ लावायला लागला की दुसऱ्या वाक्याला "बास की लेका आता" ऐकायला मिळायचं. पण त्याच कट्ट्यावर कुणी "अण्णा, चांगला सुतार सांगा की" म्हटलं, की चौघं एकदम चार नावं सांगणार, त्यातला एक स्वतःच्या मेहुण्याचं सांगणार आणि ते मेहुण्याचं आहे हे सगळ्यांना माहीत असणार. त्याला कोण जाहिरात म्हणत नव्हतं. विचारलं होतं म्हणून सांगितलं, आणि सांगणारा उद्या परत तिथंच बसणार आहे, त्यामुळं वाईट सुतार गळ्यात मारायची सोय नव्हती.

इंटरनेटनं हे चौक आणि कट्टा एकाच खिडकीत आणून ठेवले. भांडण तिथनं सुरू झालं, आणि ते लई जुनं आहे. ३ मे १९७८ ला गॅरी थर्क नावाच्या माणसानं, हा डिजिटल इक्विपमेंट कंपनीचा मार्केटिंगवाला, अर्पानेटवरच्या जवळपास ४०० लोकांना आपल्या नव्या कॉम्प्युटरचा डेमो बघायला या म्हणून एकच मेसेज धाडला. अर्पानेट म्हणजे अमेरिकन सरकारच्या पैशावर चाललेलं संशोधकांचं नेटवर्क, तिथं असलं विकायचं काम कुणाच्या डोक्यातबी नव्हतं. लोक भडकले, त्याला वरनं तंबी मिळाली. पण त्या मेसेजमुळं कोटीच्या वर डॉलरची मशीनं खपली असं तो पुढं स्वतःच सांगत फिरायचा, आणि तिथंच सगळी गोम आहे, लोक शिव्या घालतात आणि धंदाबी होतो. साडीवाल्या वैनी परत परत का टाकतात ह्याचं उत्तर १९७८ मध्येच मिळालेलं आहे.

त्यानंतर युजनेट आलं, विषयवार चर्चेचे हजारो कट्टेच म्हणा ना. एप्रिल १९९४ मध्ये अमेरिकेतल्या कँटर आणि सीगल ह्या वकील नवराबायकोनं ग्रीनकार्ड लॉटरीची आपली जाहिरात तिथल्या हजारो ग्रुपात एकाच दणक्यात टाकली, कुत्री पाळणाऱ्यांच्या ग्रुपपासनं गणितवाल्यांपर्यंत सगळीकडं तेच. लोकांनी एवढे मेल मारले की त्यांची सेवा देणाऱ्या कंपनीचा सर्व्हर आडवा झाला. आता ह्यात एक गोष्ट आपण विसरतो. त्या काळी नेट टेलिफोनच्या तारेवरनं यायचं आणि बिल वाचणाऱ्याला पडायचं, म्हणजे जाहिरात फुकट टाकायची दुसऱ्यानं आणि उतरवून घ्यायचा खर्च तुमचा. शिवाय अमेरिकेतल्या मुख्य सरकारी जाळ्यावर धंद्याच्या वापराला बंदीच होती, ती १९९५ मध्ये ते जाळं बंद होईपर्यंत. राग नुसता तत्त्वाचा नव्हता, खिशाचाबी होता. भारतात सर्वसामान्यांना इंटरनेट मिळालं ते १५ ऑगस्ट १९९५ ला, व्हीएसएनएल ह्या सरकारी टेलिफोन कंपनीकडनं. म्हणजे "इथं जाहिरात करू नये" हा नियम आपण नेटवर जायच्या आधीच तयार होऊन बसला होता, आपण आयता घेतला.

आपल्या पोरांना सोशल मीडिया म्हणून पहिल्यांदा कळलं ते ऑर्कुट. २००४ ला सुरू, ३० सप्टेंबर २०१४ ला बंद. सायबर कॅफेत तासाचे पैसे मोजून बसायचं आणि स्क्रॅप, म्हणजे एकमेकांच्या पानावर चिठ्ठ्या, लिहायचे. ऑर्कुटची एक रचना मला अजून लई भारी वाटते, टेस्टिमोनियल. तुमचं कौतुक तुमच्या प्रोफाईलवर यायचं पण ते मित्रानं लिहायचं, तुम्ही फक्त मंजूर करायचं. स्वतःची पाठ थोपटायला दुसऱ्याचा हात लागायचा. लोक एकमेकांना "तू माझं लिही, मी तुझं लिहितो" असं करायचेच म्हणा, आपण कुठं ऐकतोय, पण निदान दोन माणसं लागायची.

फेसबुकनं हे गणित बदललं. नोव्हेंबर २००७ मध्ये धंद्यांसाठी पेज आलं, फेब्रुवारी २००९ मध्ये लाईकचं बटन आलं. महाद्वार रोडवरच्या, राजारामपुरीतल्या दुकानांनी हळूहळू पेज काढली, भाचा नायतर कामावरचा कॉलेजचा पोरगा ॲडमिन, रोज सकाळी सुविचार आणि सणाला ऑफर. सुरवातीला मजा होती, पेज लाईक केलेल्यांना पोस्ट दिसायची. मग दिसायची कमी झाली. २०१२ मध्ये फेसबुकनंच सांगितलं की पेजची पोस्ट सरासरी १६ टक्के फॉलोअर्सपर्यंत पोचते, पुढं आकडा आणखी खाली गेला, आणि बाकीच्यांना दाखवायची तर पैसे भरा, बूस्ट करा. ज्याच्याकडं पैसे न्हाईत त्यानं काय करायचं? पोस्टवर गर्दी जमवायची, कारण ज्यावर लाईक कमेंट जास्त ते फेसबुकचं मशीन, म्हणजे कुणाला काय दाखवायचं ते ठरवणारा प्रोग्राम, पुढं ढकलतंय.

माझ्या मते खरी वाट इथं लागली. तोवर जाहिरात जाहिरातीसारखी दिसायची आणि गप्पा गप्पांसारख्या. आता जाहिरात गप्पांचे कपडे घालून यायला लागली. "तुम्हाला तांबडा आवडतो का पांढरा? कमेंटमध्ये सांगा!" असं एखादं हॉटेल विचारतंय आणि खाली दोनशे लोक जीव तोडून भांडतायत, हॉटेलवाला मात्र एकालाबी उत्तर देत न्हाई, कारण त्याला उत्तर नकोच होतं, आकडा पाहिजे होता. "कोल्हापूरचा असशील तर शेअर करशील", "पाच मित्रांना टॅग कर", सगळं त्यातलंच. डिसेंबर २०१७ मध्ये फेसबुकनं असल्या पोस्ट मागं ढकलायचं जाहीर केलं आणि जानेवारी २०१८ मध्ये मार्क झुकरबर्गनं सांगितलं की आता धंदे, ब्रँड, बातम्या कमी दिसतील, घरच्यांचं आणि मित्रांचं जास्त. ऐकायला बरं वाटतंय, पण माणसामाणसातलं बोलणं किती झालं हे मोजायला मशीनकडं परत कमेंटच, त्यामुळं भांडणं लावणाऱ्या पोस्टी आणखी चालल्या.

तोपर्यंत आपल्याकडं सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं होतं, डेटा स्वस्त झाला, आणि घरातली काकी, मामी, आजोबा सगळे व्हॉट्सॲपवर. ग्रुपची मर्यादा त्याच वर्षी १०० वरनं २५६ झाली होती, आता १,०२४ आहे. ह्या आकड्याकडं जरा बघा. कट्ट्यावर दहापंधरा माणसं बसतात, बोलणारा कुणाचा कोण ते ठाऊक असतं. हजार लोकांच्या ग्रुपात निम्मे नंबर नुसते नंबर. तिथं सुतार सांगणारा मेहुण्याचं सांगतोय का कमिशनवर सांगतोय, कसं कळणार? जानेवारी २०१८ मध्ये धंद्यासाठीचं व्हॉट्सॲप बिझनेस आलं, कॅटलॉग आले, तरी लोक ग्रुपवरच टाकतात, कारण कॅटलॉग बघायला गिऱ्हाईकानं स्वतः जावं लागतंय आणि ग्रुपवर ते आयतं बसलेलं असतंय.

ग्रुप काय चीज आहे ते ऑगस्ट २०१९ च्या महापुरात कळलं. पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट, राजाराम बंधाऱ्याला पाणी ५५ फुटाच्या वर गेलं, हायवे बंद, शहराचं बेट झालं. कुठल्या गल्लीत म्हातारी माणसं अडकलीत, दूध कुठं आलंय, बोट कुणाकडं आहे, पिण्याचा टँकर कुठं थांबलाय, हे सगळं ग्रुपवरनं हललं. त्या दिवसांत एखाद्या दुकानदारानं "माझ्याकडं मेणबत्त्या आणि पाण्याचे कॅन आहेत, येऊन न्या" लिहिलं तर त्याला कुणी जाहिरात म्हटलं न्हाई, विकत देत असला तरी. आणि त्याच पुरात मदतीच्या धान्याच्या पाकिटांवर नेत्यांचे फोटो चिकटवलेले दिसले तर राज्यभर लोकांनी धू धू धुतलं. दोन्ही गोष्टी एकाच आठवड्यातल्या, वस्तू जवळपास तीच. एकात समोरच्याला काय लागतंय ते आधी होतं आणि दुसऱ्यात फोटो आधी होता, लोकांना हे बरोबर कळतं, त्याला कुठला मार्केटिंगचा कोर्स लागत न्हाई.

जून २०२० च्या शेवटी टिकटॉकवर बंदी आली, पुढच्याच महिन्यात इन्स्टाग्रामनं भारतात रील्स आणले, आणि मिसळीच्या कटात पाव बुडवायचा क्लोजअप हा आपला राष्ट्रीय व्हिडिओ झाला. इथं नवीनच घोळ, खाऊन "नाद खुळा" म्हणणारा स्वतःच्या पैशानं खातोय का हॉटेलच्या? जाहिरातींवर लक्ष ठेवणाऱ्या एएससीआय संस्थेचे नियम १४ जून २०२१ पासनं लागू झाले, पैसे किंवा फुकट वस्तू घेतली असली तर पोस्टवर तसं स्पष्ट लिहायचं, आणि जानेवारी २०२३ मध्ये केंद्राच्या ग्राहक खात्यानंबी तेच सांगितलं. गावात किती जण पाळतात ते तुम्हीच रील उघडून बघा.

आता जून २०२५ चं प्राडा ह्या इटलीच्या फॅशन कंपनीचं प्रकरण. मिलानच्या फॅशन शोमध्ये मॉडेलांच्या पायात आपल्यासारखीच चप्पल, आणि कोल्हापुरीचं नाव कुठंच न्हाई. २०१९ मध्ये महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या चारचार जिल्ह्यांना मिळून ह्या चपलेचं जीआय, म्हणजे ही वस्तू ह्याच भागातली असा सरकारी शिक्का, मिळालेलं, त्यामुळं लोक पेटले, आणि कंपनीला मान्य करावं लागलं की प्रेरणा इथली. त्या दिवसांत चप्पलवाल्यांच्या अकाउंटांवर दोन तऱ्हा बघायला मिळाल्या. एका तऱ्हेत "ओरिजिनल इथेच मिळेल, डीएम करा", दिवसाला चारदा. दुसऱ्या तऱ्हेत एखादा कारागीर वेणी कशी घालतात ते दाखवत होता, कापशी आणि पुकरी ह्या चपलेच्या दोन प्रकारांत फरक काय ते सांगत होता, खाली पुण्याच्या कुणीतरी "पावसात घातली तर काय होतंय दादा?" विचारलं तर "पावसात घालूच नगा ताई, भिजलीच तर सावलीत वाळवा, उन्हात कडक हुती, मग तेलाचा हात फिरवा" असं उत्तर. विकायचं दोघांनाबी होतं. फक्त दुसऱ्याच्या कमेंटमध्ये जे गिऱ्हाईक नव्हतं तेबी काहीतरी घेऊन गेलं.

नऊ पोस्टी दुसऱ्यांच्या कामाच्या आणि एक स्वतःची, असला एक हिशोब सोशल मीडिया शिकवणारे सांगतात, रेडिट ह्या चर्चेच्या वेबसाईटवर असाच दहा टक्क्यांचा संकेत बरीच वर्षं चालला, तिथनं तो पसरला. मला हा हिशोब पटत न्हाई, कारण नऊ सुविचार फॉरवर्ड करून दहावा सेलचा फोटो टाकणारा त्यात पास होतो आणि रोज चपलेबद्दलच बोलणारा तो कारागीर नापास. आपल्या इथल्या काही ग्रुपांनी काढलेला तोडगा त्यापेक्षा बरा आहे, जाहिरात फक्त रविवारी, एका माणसाची एकच पोस्ट, खाली स्वतःचं नाव आणि दुकानाचा पत्ता लिहायचा, आणि कुणी काय विचारलं तर उत्तर ग्रुपवरच द्यायचं, पर्सनलवर या म्हणायचं न्हाई. ह्यातला शेवटचा नियम सगळ्यात जास्त मोडला जातो, कारण भाव सगळ्यांसमोर सांगायला दुकानदाराला नको वाटतंय, आणि लोकांना नेमकं तेच ऐकायचं असतंय.