इकडील सर्व खुशाल: सैनिकाच्या पत्रातला तिसरा वाचक

ऑरेलियस पोलिऑन नावाचा इजिप्तमधला एक तरुण सुमारे १८०० वर्षांपूर्वी रोमन फौजेत भरती झाला. त्याची नेमणूक झाली आजच्या हंगेरीच्या भागात, म्हणजे समुद्रापलीकडे. तिथून त्याने आईला आणि भावंडांना लिहिलेलं पत्र इजिप्तमधल्या टेब्टुनिस इथे सापडलं. पत्रात लढाईचं वर्णन नाही, तक्रार आहे: मी सहा पत्रं पाठवली, तुम्हाला माझी आठवणच नाही; आठवण झाली की रजा काढून येईन. बाहेरच्या बाजूला त्याने एका निवृत्त सैनिकाला विनंती केली आहे, की हे एवढं माझ्या घरी पोचतं करा.

सैनिकाचं पत्र कधीच फक्त दोन माणसांमधलं नव्हतं, हे त्या विनंतीतच दिसतं. नेणारा, लिहून देणारा, वाचून दाखवणारा, तपासणारा असा कुणी तरी तिसरा कायम मध्ये होता. 'मी खुशाल आहे, काळजी करू नका' एवढंच लिहून सैनिक का थांबतो, असा प्रश्न घरच्यांना नेहमी पडत आला आहे. त्याचं बरंचसं उत्तर या तिसऱ्यापाशी आहे, असं मला वाटतं.

ब्रिटनमध्ये १७९५ साली कायद्याने साध्या शिपायांना आणि खलाशांना एका पेनीत पत्र पाठवायची सवलत मिळाली. अट अशी, की पाकिटावर वरिष्ठ अधिकाऱ्याची सही हवी. हिंदुस्थानी फौजेसोबत फील्ड पोस्ट ऑफिस पहिल्यांदा परदेशी गेलं ते १८५६ मध्ये, इराणच्या मोहिमेवर, बुशहरला. पण हा तिसरा माणूस खरा ठळक झाला तो पहिल्या महायुद्धात.

सप्टेंबर १९१४ मध्ये हिंदी पलटणी फ्रान्समध्ये मार्सेयच्या बंदरात उतरल्या. मार्च १९१५ पर्यंत तिथले सैनिक आठवड्याला दहा ते वीस हजार पत्रं घरी पाठवत होते. यातल्या कित्येकांना लिहिता येत नव्हतं. कंपनीतला किंवा इस्पितळातला एखादा साक्षर सोबती लिहून द्यायचा. म्हणजे बायकोला काही सांगायचं तरी आधी ते मित्रासमोर बोलायचं. गावीही तीच गत. पत्र वाचणारा कुणी तरी शोधायचा, तो मोठ्याने वाचणार, आणि आई, बायको, चुलते, शेजारी सगळे एकदम ऐकणार. अशा पत्रात जीव गुंतल्याचं कोण लिहील?

आणि या दोन टोकांच्या मध्ये सेन्सॉर. सुरुवातीला सरकारला भीती होती ती सैनिकांकडे येणाऱ्या टपालाची, त्यातून परदेशातल्या हिंदी क्रांतिकारकांच्या गदर पक्षाचं साहित्य पलटणीत शिरेल म्हणून. पुढे जखमी सैनिकांच्या पत्रांतली निराशा घरोघरी पोचू लागली, तेव्हा जाणाऱ्या पत्रांवरही नजर बसली. पलटणीत एकदा तपासणी, मग फ्रान्समधल्याच बूलोन्यच्या कचेरीत दुसऱ्यांदा. बहुतेक पत्रं पुढे जाऊ दिली गेली, पण आपलं पत्र साहेब वाचतो हे सैनिकांना ठाऊक होतं. मग सांकेतिक भाषा आली. काळी मिरी संपत आली, आता लाल मिरची वापरतात, असं कुणी लिहिलं. काळी म्हणजे हिंदी सैनिक, लाल म्हणजे गोरे. सेन्सॉरलाही ते कळलं, म्हणून तर आज आपल्याला माहीत आहे. काहींनी मात्र आडपडदा ठेवला नाही. जानेवारी १९१५ मध्ये एका जखमी सैनिकाने लिहिलं, हे युद्ध नव्हे, हा जगाचा अंत आहे.

मला चटका लावते ती पुढची गोष्ट. मूळ पत्रं गावी गेली आणि बहुतेक काळाच्या ओघात नाहीशी झाली. उरले ते सेन्सॉरने अहवालासाठी काढलेले इंग्रजी उतारे. ते लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत. आईला हाक मारताना त्याने कोणता शब्द वापरला, शेवटी कुणाकुणाला दंडवत सांगितले, ते त्या इंग्रजीत सापडत नाही. जो तिसरा मध्ये उभा होता, त्याच्याच तोंडून आज आपल्याला त्या माणसांचं बोलणं ऐकावं लागतं.

मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, तर पत्राची वाटच बंद झाली. डिसेंबर १९१५ ते एप्रिल १९१६ असे जवळपास पाच महिने तिथल्या कूत गावाला तुर्कांचा वेढा होता. आत अडकलेल्या पूना डिव्हिजनमध्ये १०३, ११० आणि ११७ क्रमांकाच्या मराठा पलटणी होत्या. २९ एप्रिलला शरणागती झाली आणि उरलेले कैदेत गेले. घरच्यांनी ते महिने कसे काढले असतील, याची कल्पनाच करायची.

ब्रिटिश सैनिकांना याच युद्धात छापील कार्ड मिळालं. त्यावर तयार वाक्यं: मी ठीक आहे, मला इस्पितळात दाखल केलं आहे, तुमचं पत्र मिळालं. लागू नसेल ते खोडायचं, खाली सही करायची. एक शब्द जरी जास्त लिहिला तर कार्ड नष्ट केलं जाईल, अशी सूचना त्यावरच होती. तरी ते कार्ड घरात जपून ठेवलं जाई, कारण सही त्याच्या हातची असे.

दुसऱ्या महायुद्धात अडचण झाली ती वजनाची. म्हणून पत्राचा फोटो काढून फिल्म विमानाने पाठवायची आणि पलीकडे पुन्हा कागदावर छापायची, अशी युक्ती निघाली. ब्रिटिशांनी ती १९४१ मध्ये सुरू केली, अमेरिकेने १९४२ मध्ये. दीड लाख पत्रांना ३७ पोती लागत, ती एका पोत्यात मावू लागली. मात्र बायकोने पत्रावर ओठांचा ठसा उमटवला, तर लिपस्टिक यंत्रात अडकायची. तरीही युरोपातल्या अमेरिकन सैनिकांचं टपाल तुंबलंच. फेब्रुवारी १९४५ मध्ये मेजर चॅरिटी ॲडम्स यांच्या हाताखाली ८५५ जणींची तुकडी, बहुतेक कृष्णवर्णीय, इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमला आली. थंड, अंधाऱ्या गोदामांत तीन पाळ्यांत काम करून त्यांनी सहा महिन्यांचं मानलेलं काम तीन महिन्यांत उरकलं. रॉबर्ट स्मिथ नावाचेच हजारो सैनिक होते. त्यातला आपला कोणता, हे त्या सैनिकी क्रमांकावरून ठरवत. ज्याचं पत्र तो आता या जगात नाही, त्याचं पाकीट परत पाठवायचं कामही त्यांचंच.

स्वातंत्र्यानंतर भारतीय सैनिक शांतिकार्यासाठी कोरिया, गाझा, काँगोला गेले, तेव्हा त्यांच्या टपालासाठी खास छापाची भारतीय तिकिटं निघाली. १ मार्च १९७२ ला सैनिकी डाक सेवा स्वतंत्र कोअर झाली. फौजी घरांत '५६ एपीओ' (आर्मी पोस्ट ऑफिस) हा पत्ता आजही पाठ असतो. मुलगा नेमका कुठे आहे, हे मात्र त्या पत्त्यावरून घरच्यांना कळत नाही. पत्ता तसा ठेवण्यामागचा हेतूच तो आहे.

आवाज घरी पोचू लागला, तरी तिसरा हटला नाही. व्हिएतनामहून अमेरिकन सैनिक हौशी रेडिओ चालकांच्या मदतीने घरी फोन लावत. एका वेळी एकालाच बोलता येई, म्हणून प्रत्येक वाक्यानंतर 'ओव्हर' म्हणायचं, म्हणजे मधला चालक कळ फिरवणार. 'तुझी फार आठवण येते, ओव्हर' हे बायकोला अनोळखी माणसाच्या कानांदेखत म्हणावं लागे.

आता व्हिडिओ कॉल आहे. पण इराक आणि अफगाणिस्तानात कुणी मारला गेला किंवा गंभीर जखमी झाला, की ब्रिटिश तळावरचे फोन आणि इंटरनेट ताबडतोब बंद केले जात. त्याच्या घरच्यांना बातमी अधिकाऱ्याकडून आधी कळावी, दुसऱ्या कुणाच्या मेसेजमधून नाही, म्हणून. सैनिकांच्या घरांना याचा अर्थ कळत असे. रोज येणारा फोन आला नाही, की त्या तळावरच्या प्रत्येकाच्या घरी दाराकडे लक्ष लागायचं. कुणाच्या तरी दारावर थाप पडायची आणि त्यानंतर बाकीच्यांचे फोन पुन्हा वाजू लागायचे.