उशीखाली काढलेला फोटो

परवा लाइट गेली तेव्हा बसल्या बसल्या एक उद्योग केला. फोनचा कॅमेरा प्रो मोडला टाकला, आयएसओ 3200, शटर 10 सेकंद, लेन्सवर काळी चिकटपट्टी, टायमर लावून फोन सरळ उशीखाली. फोटो अर्थातच काळा आला, पण एडिटरमधे ब्राइटनेस पार वर ओढला तर सगळीकडे लाल-निळे-हिरवे ठिपके, रांगोळीचे डबे सांडल्यासारखे. आत उजेड गेलाच नाही तर कॅमेऱ्याने पाहिलं काय?

पाहिलं काहीच नाही, सेन्सर गरम होता एवढंच. गरम म्हणजे हाताला चटका बसेल असं नाही, आपल्या खोलीचं 27 डिग्री पण इलेक्ट्रॉनच्या दृष्टीने भरपूर झालं, तेवढ्यात ते अजिबात स्वस्थ बसत नाहीत. अमेरिकेतल्या बेल लॅब्ज या संशोधन संस्थेत जॉन्सनने ही चुळबूळ साध्या रेझिस्टरमधे मोजली, नायक्विस्टने तिचं गणित बसवलं, दोघांचे पेपर 1928 साली आले, आणि तेव्हापासून सगळे इलेक्ट्रॉनिक्सवाले हिच्याशी भांडतायत.

पिक्सेलमधे उष्णता दोन वाटांनी त्रास देते आणि लोक या दोन्हींची कायम गल्लत करतात. पहिली डार्क करंट, म्हणजे सिलिकॉनमधे प्रकाशाशिवायच इलेक्ट्रॉन सुटत राहतात, एक्सपोजर जितकं लांब तितके जास्त. याचा उपाय सरळ आहे, थंड करा. साधारण दर 6 ते 8 डिग्रीला हा करंट निम्मा होतो, म्हणून दुर्बिणीवरचे सेन्सर लिक्विड नायट्रोजनने गार ठेवतात आणि हौशी आकाशवाले पेल्टियर कूलर (विजेवर गार करणारी चकती) लावलेले कॅमेरे घेतात.

दुसरी वाट जास्त चावट आहे. फोटो घ्यायच्या आधी पिक्सेलमधला छोटासा कपॅसिटर, म्हणजे चार्ज साठवायचं भांडं, रिकामा करावा लागतो, म्हणजे एक ट्रान्झिस्टर चालू करून त्याला ठरलेल्या व्होल्टेजला आणायचं आणि मग ट्रान्झिस्टर बंद. आता दादरला एसी लोकल उभी आहे असं समजा, उतरणारे उतरतायत, चढणारे घुसतायत, आणि तेवढ्यात दारं बंद होतात. आत नेमकी किती माणसं राहिली हे प्रत्येक वेळी वेगळं. ट्रान्झिस्टर बंद होतो तेव्हा अगदी हेच होतं, त्या क्षणी जितके इलेक्ट्रॉन आत असतील तितके आतच अडकतात. याला रीसेट नॉइज म्हणतात. 1 फेम्टोफॅरडच्या, म्हणजे अगदीच चिमुकल्या, कपॅसिटरवर खोलीच्या तापमानाला ही चूक साधारण 13 इलेक्ट्रॉनची येते, आणि अंधाऱ्या गल्लीच्या फोटोत एखाद्या पिक्सेलला प्रकाशाचे इलेक्ट्रॉनच मुळात पाच-दहा मिळालेले असतात, म्हणजे मालापेक्षा कचरा जास्त. बरं, थंड करूनही फार फरक पडत नाही, कारण इथे केल्विनमधल्या तापमानाचं वर्गमूळ येतं. 27 डिग्रीवरून उणे 3 वर नेलं तर डार्क करंट दहा पटीपेक्षा जास्त उतरेल आणि रीसेट नॉइज जेमतेम 5 टक्के.

मग करायचं काय? वाणी करतो तेच, धडा. बरणी आधी रिकामी तोलायची, मग तेल भरून तोलायची, आणि वजाबाकी. बरणी किती जड आहे याने काही बिघडत नाही, फक्त दोन्ही वेळेला तीच बरणी पाहिजे. रीसेट झाल्या झाल्या व्होल्टेज मोजा, मग प्रकाशाचा चार्ज आणा, पुन्हा मोजा, अडकलेले 13 इलेक्ट्रॉन दोन्हीकडे तेच, म्हणून कटले. सीसीडीसाठी, म्हणजे जुन्या डिजिटल कॅमेऱ्यांतल्या सेन्सरसाठी, ही पद्धत वेस्टिंगहाउस या अमेरिकन कंपनीतल्या व्हाइट आणि मंडळींनी 1974 साली मांडली.

जुन्या तीन ट्रान्झिस्टरवाल्या सीमॉस (आज फोनमधे असतो तो सेन्सरचा प्रकार) पिक्सेलमधे मात्र ही युक्ती चालायची नाही. तिथे प्रकाश गोळा करणारी जागा आणि मोजायची जागा एकच, म्हणजे रिकामी बरणी तोलायची ती एक्सपोजरच्या आधी, आणि प्रत्येक पिक्सेलचा आकडा फोटो होईपर्यंत कुठेतरी जपून ठेवायचा. त्यापेक्षा लोक आधी सिग्नल मोजायचे, पुढचा रीसेट करायचे आणि तो वजा करायचे. म्हणजे तेल एका बरणीतलं, धडा दुसरीचा. रीसेट नॉइज कमी व्हायचा सोडून वाढायचा.

सुटका झाली ती भलत्याच कामातून. एनईसी या जपानी कंपनीत नोबुकाझू तेरानिशी 1980 च्या सुमारास सीसीडीतल्या लॅगच्या मागे होते, म्हणजे आधीच्या फ्रेमचे उरलेसुरले इलेक्ट्रॉन पुढच्या फ्रेममधे भुतासारखे दिसायचे. त्यांनी फोटोडायोड, म्हणजे पिक्सेलमधला प्रकाश गोळा करणारा भाग, अशा तऱ्हेने बांधला की चार्ज त्यातून पूर्ण निघून जाईल, एकही इलेक्ट्रॉन मागे राहणार नाही. हाच पिन्ड फोटोडायोड. मागे काही उरतच नाही म्हटल्यावर तिथे रीसेट नॉइजही नाही, वर पृष्ठभागाला उलट्या डोपिंगचा (मुद्दाम केलेल्या भेसळीचा) थर असल्यामुळे डार्क करंटही उतरला. 1990 च्या दशकात एरिक फॉसम आणि नासाच्या जेपीएल प्रयोगशाळेतल्या मंडळींनी कोडॅकबरोबर तो सीमॉसमधे आणला, चौथा ट्रान्झिस्टर टाकून. आता चार्ज फोटोडायोडमधे थांबतो, शेजारची मोजायची जागा रीसेट होते, तिचा धडा होतो, मग त्या चौथ्या ट्रान्झिस्टरचं गेट उघडतं आणि चार्ज त्यात ओतला जातो. दोन मोजमापांत काही मायक्रोसेकंद, जपून ठेवायची भानगडच नाही. तुमच्या खिशातल्या फोनमधे आज हेच चालू आहे. 2017 चं क्वीन एलिझाबेथ प्राइझ मिळालेल्या चौघांत तेरानिशी आणि फॉसम दोघेही होते.

आता एक गंमत. वजाबाकीने सामाईक चूक जाते, पण मोजणाऱ्या ॲम्प्लिफायरची स्वतःची थरथर दोन्ही वेळेला वेगवेगळी असते, ती उलट 1.4 पट होते, वाण्याचा तराजूच हलत असेल तर दोनदा तोलून दोनदा चुकणार ना. म्हणून डिझायनर सिग्नल आधीच मोठा करून घेतात, ॲम्प्लिफायरला मुद्दाम थोडा मंद ठेवतात म्हणजे बारीक थरथर निघून जाते, किंवा एकेक पातळी अनेकदा मोजून सरासरी काढतात, पण मग रीडआउट (सगळे पिक्सेल वाचणं) हळू होतो आणि व्हिडिओवाले ओरडतात. माझ्या मते खरा फायदा मोजायची जागा लहान करण्यात आहे, कपॅसिटन्स जितका कमी तितका एका इलेक्ट्रॉनमागे व्होल्टेज जास्त. अर्थात भांडं लहान केलं की उन्हातल्या फोटोत लगेच भरून वाहतं, म्हणून हल्ली बऱ्याच सेन्सरमधे गरजेप्रमाणे जास्तीचा कपॅसिटर जोडायची सोय असते.

फॉसम यांच्याच अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजमधल्या गटाने 2017 साली हा कपॅसिटन्स अर्ध्या फेम्टोफॅरडच्या आसपास आणून, कूलिंग न करता, 10 लाख पिक्सेलच्या सेन्सरमधे 0.21 इलेक्ट्रॉन इतका रीड नॉइज (मोजणीतली चूक) दाखवला. एवढ्यावर आकडे एकमेकांत मिसळतच नाहीत, आलेख काढला तर 0, 1, 2, 3 इलेक्ट्रॉनचे शेंडे सुटे सुटे उभे दिसतात.

माझ्या फोटोतले मोठे ठिपके मात्र बहुतेक डार्क करंटचेच, कारण लाइट गेल्यापासून फोन हॉटस्पॉटवर होता आणि पाठ चांगलीच तापलेली. अर्ध्या तासाने खिडकीच्या गार फरशीवर ठेवून तोच फोटो परत काढला तर मोठे ठिपके बरेच कमी झाले, बारीक कुरकुर जशीच्या तशी.