नापास विद्यार्थ्याला त्याच वर्गात ठेवणे (इंदूर)

वार्षिक परीक्षेत अनुत्तीर्ण झालेल्या विद्यार्थ्याला वरच्या वर्गात न पाठवता त्याच इयत्तेत आणखी एक वर्ष बसवण्याची पद्धत. प्राथमिक स्तरावर इंदूरच्या सरकारी शाळांत आणि राज्य मंडळाच्या खासगी शाळांत ती पाचवी व आठवीपुरती लागू आहे.

शिक्षण हक्क कायद्याच्या (२००९) कलम १६ने आठवीपर्यंत कोणालाही मागे ठेवण्यास मनाई केली होती. नापास झालेले गरीब घरातले मूल बहुधा शाळाच सोडते, हा त्यामागचा विचार. लोक याला ‘ढकलपास’ म्हणू लागले. आठवीपर्यंत कुठेच न अडलेली मुले नववीत एकदम अडकतात, ही शिक्षकांची तक्रार निराधार नव्हती. २०१९च्या दुरुस्तीने पाचवी-आठवीत नियमित परीक्षा आणली आणि मागे ठेवायचे की नाही हे राज्यांवर सोपवले. मध्य प्रदेशाने ठेवायचे ठरवले. महाराष्ट्रानेही २०२३मध्ये तेच केले. शाळेतून काढून टाकायला मात्र आजही बंदी आहे.

परीक्षा भोपाळचे राज्य शिक्षा केंद्र घेते. प्रत्येक विषयात किमान ३३ टक्के गुण लागतात. २०२३मध्ये राज्यात पाचवीची सुमारे ८२ आणि आठवीची सुमारे ७६ टक्के मुले उत्तीर्ण झाली.

नापास झालेल्यांना फेरपरीक्षा मिळते, आणि खरी मेख तिथेच आहे. त्याआधी जादा शिकवणी द्यावी, असे कायदा म्हणतो. पण २०२५मध्ये निकाल मार्चअखेर लागला आणि फेरपरीक्षा जूनच्या सुरुवातीला झाली. मधला मे महिना सुट्टीचा. रामबाग किंवा लोकमान्य नगरातल्या मराठी घरांत अशा वेळी भागाकार शिकवायला आजी-आजोबा बसतात. हिंदी माध्यमातल्या मराठी मुलाला लिपीची अडचण नसते, हिंदीतले लिंग तेवढे चुकते. तेही घरचे सुधारून घेतात. ज्या घरात शिकवणारे कोणी नाही, तिथले मूल मार्चमध्ये जिथे होते तिथूनच जूनच्या पेपरला बसते. पुढच्या वर्षीही पुस्तक तेच, आणि बहुतेक वेळा शिक्षकही तेच.

रोखलेल्या मुलांची यादी मुख्याध्यापकांनी ठेवावी व त्यांच्या प्रगतीवर स्वतः लक्ष द्यावे, अशी तरतूद केंद्र सरकारच्या डिसेंबर २०२४च्या नियमांत आहे. ते नियम इंदूरमधल्या केंद्रीय विद्यालयांना लागू आहेत, राज्य सरकारच्या शाळांना नाहीत.